साधा लॉजिक प्रोब: दोन्ही दिवे विझलेले असतात तेव्हा तो काय सांगतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ७४०४ आयसीचं एक गेट आणि दोन एलईडी वापरून तुम्ही लॉजिक प्रोब, म्हणजे सर्किटमधली पिन हाय (सप्लायजवळ) आहे की लो (शून्याजवळ) हे दिव्यांनी दाखवणारं साधन, बनवला. टोक हवेत धरलं तरी 'हाय'चा दिवा लागतो. ५५५ टायमरच्या क्लॉकवर (ठरावीक गतीने हाय-लो होणाऱ्या सिग्नलवर) टेकवला की दोन्ही दिवे अर्धवट पेटतात. ४०१७ काउंटरच्या आउटपुटवर तर वाचन कधी पटतं, कधी पटत नाही. ज्या सर्किटसाठी हा खटाटोप केला, त्यातला ४०१७ मधूनच शून्यावर उडी मारतो आणि त्याचं कारण सापडत नाही. प्रोब कसा सुधारायचा, की नव्यानेच करायचा?

नव्यानेच करा. तुमच्या जोडणीत चूक नाही, पण लॉजिक गेट हे मोजण्याचं साधन नव्हे. गेटला हाय किंवा लो यांपैकी एक उत्तर द्यावंच लागतं, 'मला माहीत नाही' असं ते म्हणू शकत नाही. बिघाड शोधताना नेमकं हेच तिसरं उत्तर सर्वांत जास्त कामाला येतं. मी प्रोब वापरतो तेव्हा दिवा कुठे लागला यापेक्षा कुठे लागला नाही याकडे माझं जास्त लक्ष असतं.

आधी ७४०४ असं का वागतो ते पाहू. तो टीटीएल कुळातला, म्हणजे आतून साध्या ट्रान्झिस्टरांचा बनलेला आहे. टीटीएलच्या इनपुटवर ट्रान्झिस्टरचा एमिटर असतो. तो कशालाच जोडलेला नसेल तर बेसच्या रेझिस्टरमधून येणारा प्रवाह पुढच्या ट्रान्झिस्टरकडे वळतो आणि इनपुट हाय असल्यासारखंच काम होतं. म्हणून टोक हवेत असताना 'हाय' दिसतं. दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. ७४०४ चं इनपुट लो ठेवायचं तर समोरच्या सर्किटला १.६ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह खेचून घ्यावा लागतो. पाच व्होल्टवर चालणाऱ्या ४००० मालिकेच्या (४०१७ याच मालिकेतला) आउटपुटला, ०.४ व्होल्टची पातळी राखून, साधारण अर्धा मिलिअँपिअरच खेचण्याची हमी असते. म्हणजे तुम्ही टोक टेकवता तेव्हा प्रोबच त्या पिनची पातळी वर उचलतो. ४०१७ वरचं वाचन पटत नव्हतं ते यामुळे. मोजायला गेलेल्या हाताने मोजायची गोष्टच हलवली, असं ते झालं.

चांगल्या प्रोबने मग तीन गोष्टी करायला हव्यात. हाय आणि लो यांच्या मर्यादा वेगवेगळ्या ओळखायच्या आणि मधल्या पट्ट्यात गप्प राहायचं. समोरच्या सर्किटवर भार टाकायचा नाही. आणि डोळ्याला न दिसणारी झटपट पल्स, म्हणजे पातळीची क्षणभराची उडी, ताणून दाखवायची.

टीटीएलमध्ये इनपुट ०.८ व्होल्टपर्यंत लो आणि २ व्होल्टच्या वर हाय धरतात. ४००० मालिका आणि ७४एचसी या सीमॉस कुळातल्या आयसींमध्ये ढोबळमानाने सप्लायच्या ३० टक्क्यांखाली लो आणि ७० टक्क्यांवर हाय. म्हणजे पाच व्होल्टला १.५ आणि ३.५. दोन्ही कुळांच्या मर्यादा इतक्या वेगळ्या आहेत की एकाच मापाने दोघांना मोजता येत नाही. एक स्विच द्यावाच लागतो.

मर्यादा ओळखायला एलएम३९३ घ्या. एका आयसीत दोन कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारे भाग, येतात. मात्र इथे एक खाच आहे. बहुतेक जण रेझिस्टरच्या शिडीतून ३.५ व्होल्ट काढतात आणि थेट कंपॅरेटरच्या पायाला देतात. एलएम३९३ चं इनपुट सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट खालपर्यंतच नीट काम करतं, म्हणजे पाच व्होल्टवर ३.५ पर्यंत. दोन इनपुटांपैकी एक जरी या हद्दीत असलं तरी आउटपुट बरोबर येतं. दोन्ही हद्दीबाहेर गेली की भरवसा संपतो. मर्यादा ३.५ ला आणि टोकावर ५ व्होल्ट, म्हणजे तुम्ही अगदी कड्यावर उभे. ३.३ व्होल्टच्या सर्किटवर तर कड्याच्याही पलीकडे. टेबलावर चाललेला प्रोब दुसऱ्या दिवशी थंडीत किंवा उन्हात वेगळं बोलायला लागतो, तो बऱ्याचदा यामुळे.

उपाय सोपा आहे: सगळंच निम्मं करा. टोकापासून १०० के (किलोओम) चा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला आणखी एक १०० के. या दोघांच्या मधल्या बिंदूवर टोकाच्या निम्मा व्होल्टेज मिळतो. तोच कंपॅरेटरला द्यायचा. मर्यादाही निम्म्या ठेवायच्या. टीटीएलसाठी ग्राउंडकडून वर ८.२ के, १२ के आणि ८२ के अशी शिडी लावा. पाच व्होल्टवर तिच्या दोन गाठींवर ०.४० आणि ०.९९ व्होल्ट येतात, म्हणजे टोकाच्या हिशोबाने ०.८ आणि १.९८. सीमॉससाठी १५ के, २० के, ६८ के. तिच्या गाठी सप्लायच्या १४.६ आणि ३४ टक्क्यांवर, म्हणजे टोकाच्या हिशोबाने पाच व्होल्टला १.४६ आणि ३.४. या दोन शिड्यांमधून निवड करायला दोन पोलांचा स्विच लागेल, कारण वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा एकदम बदलायच्या आहेत. रेझिस्टर एक टक्क्याचे घ्या. पाच टक्क्यांचे चालतील, पण मग पुढे सांगतो तो मधला बिंदू काठावर सरकू शकतो.

आता टोक हवेत असतानाचा प्रश्न. नुसता निम्मं करणारा विभाजक ठेवला तर हवेतलं टोक शून्यावर बसेल आणि 'लो' दिसेल. म्हणजे ७४०४ च्याच चुकीची उलटी बाजू. म्हणून टोकापासून सप्लायला ३९० के लावा. खाली २०० के, वर ३९० के, त्यामुळे मोकळं टोक सप्लायच्या ३४ टक्क्यांवर, पाच व्होल्टला १.६९ वर स्थिरावतं. हा आकडा मुद्दाम निवडला आहे: १.६९ हे टीटीएलच्या ०.८ ते १.९८ या पट्ट्यातही बसतं आणि सीमॉसच्या १.४६ ते ३.४ या पट्ट्यातही. स्विच कुठेही असो, मोकळ्या टोकावर दोन्ही दिवे विझलेले. टोकाकडून पाहिलं तर प्रोबचा भार सुमारे १३० के होतो. खेचायचा प्रवाह काही दहा मायक्रोअँपिअरच्या घरात, म्हणजे ४०१७ ला त्याची दखलही नाही. यापेक्षा मोठे, मेगओममधले रेझिस्टर लावायचा मोह होतो. एलएम३९३ च्या इनपुटमधून स्वतःचा थोडा प्रवाह बाहेर येतो, आणि मोठ्या रेझिस्टरवर तो मधला बिंदू वर ढकलतो. म्हणून १०० के वर थांबा.

जोडणी अशी. मधला बिंदू पिन २ आणि पिन ५ ला. वरची मर्यादा पिन ३ ला, खालची पिन ६ ला. पिन १ आणि पिन ७ ही आउटपुटं. दोन्ही ओपन कलेक्टर आहेत, म्हणजे फक्त खाली खेचतात. म्हणून सप्लायपासून १ के, मग एलईडी, मग आउटपुट पिन. पिन १ चा दिवा हायचा (लाल), पिन ७ चा लोचा (हिरवा). पिन ८ सप्लाय, पिन ४ ग्राउंड. मधल्या बिंदूपासून ग्राउंडला एक १एन४१४८ डायोड, त्याचा पट्टा बिंदूकडे. टोक चुकून उणे व्होल्टेजवर टेकलं तर हा डायोड आणि आधीचा १०० के मिळून एलएम३९३ ला वाचवतात. उणे व्होल्टेज त्याला सोसत नाही. सप्लायच्या वरचं इनपुट मात्र तो सहज सोसतो. टोकाकडच्या १०० के ला समांतर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला तर कडा जास्त धारदार पोचतात.

एवढं झालं की स्थिर पातळ्या दिसतील. पण एलएम३९३ सावकाश आहे. मोठ्या सिग्नललाही त्याला काहीशे नॅनोसेकंद लागतात. आणि तुमच्यासारख्या सर्किटमध्ये खरी गंमत पल्सचीच असते. समजा ४०१७ सहापर्यंत मोजून परत फिरावा म्हणून कुणी त्याची पिन ५ रीसेटच्या पिन १५ ला जोडली. सहाव्या ठोक्याला पिन ५ हाय होते, त्याच क्षणी रीसेट होतं आणि ती पिन खाली येते. ही पल्स फक्त काहीशे नॅनोसेकंदांची. मल्टिमीटरवर ती शून्य, एलईडीवर ती अंधार. काउंटर तर तिच्यावरच चालतो.

म्हणून पल्ससाठी वेगळी वाट काढा. टोकापासून १० के (त्याला समांतर २२ पिकोफॅरड) आणि तिथून ७४एचसी१४ ची पिन १. हा श्मिट इन्व्हर्टर, म्हणजे हायचा लो आणि लोचा हाय करणारं गेट आहे. त्याची वर जाण्याची आणि खाली येण्याची पातळी वेगळी असते, त्यामुळे किरकोळ खरखर तो गिळून टाकतो. पिन २ वरून सिग्नल ७४एचसी७४ च्या दोन्ही क्लॉक पिनांना, ३ आणि ११ ला. हा फ्लिपफ्लॉप (हाय की लो ते लक्षात ठेवणारं सर्किट, एका आयसीत दोन असतात) काही दशक नॅनोसेकंदांची पल्ससुद्धा पकडतो. दोन्ही डी इनपुटं (पिन २ आणि १२) आणि दोन्ही प्रीसेट (४ आणि १०) सप्लायला बांधा.

पहिला फ्लिपफ्लॉप पल्स ताणतो. पिन ५ वरून १ के आणि पिवळा एलईडी ग्राउंडला. त्याच पिन ५ वरून २२० के, पुढे १ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि रेझिस्टर-कपॅसिटरच्या सांध्यावरून ७४एचसी१४ ची पिन ३. तिचं आउटपुट पिन ४, ते फ्लिपफ्लॉपच्या क्लिअरला, पिन १ ला. पल्स येते, पिन ५ हाय होते, दिवा लागतो, कपॅसिटर हळूहळू भरतो. पुरेसा भरला की इन्व्हर्टर उलटतो, फ्लिपफ्लॉप पुसला जातो, दिवा विझतो. कपॅसिटर रिकामा होत आला की सगळं पुन्हा सज्ज. एक पल्स आली तर दिव्याची एक ठसठशीत उघडझाप. सतत क्लॉक असेल तर साधारण सेकंदाला पाच वेळा लुकलुक, मग क्लॉक हजार हर्ट्झचा असो की दहा लाखांचा. आयसी बदलला तर श्मिटच्या पातळ्या थोड्या बदलतात आणि लुकलुकीचा वेगही. त्याची काळजी नको.

दुसरा फ्लिपफ्लॉप ही प्रोबची स्मरणशक्ती. त्याचं क्लिअर (पिन १३) १० के ने सप्लायला, आणि एक दाबबटण ग्राउंडला. पिन ९ वरून १ के आणि चौथा एलईडी. बटण दाबलं की दिवा विझतो. त्यानंतर एकदाही पल्स आली की लागतो आणि लागलेलाच राहतो. सर्किट तासभर चालू ठेवून चहाला जाता येतं. परत आल्यावर दिवा सांगतो की मधल्या काळात काही घडलं की नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाला यासारखं दुसरं औषध मला माहीत नाही. हा भाग टाळू नका. लागतो फक्त एक बटण, दोन रेझिस्टर आणि एक एलईडी.

७४एचसी१४ ची उरलेली चार इनपुटं, पिन ५, ९, ११ आणि १३, ग्राउंडला बांधायला विसरू नका. तरंगत्या पिना शोधायच्या साधनात स्वतःच्याच पिना तरंगत ठेवून चालणार नाही. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेला चिकटून १०० नॅनोफॅरड, आणि सप्लाय आत येतो तिथे १० मायक्रोफॅरड. सप्लाय तपासायच्या सर्किटमधूनच घ्यायचा, लाल आणि काळी क्रोकोडाइल क्लिप लावून. लाल वायरमध्ये एक १एन५८१७ डायोड टाका, म्हणजे घाईत क्लिपा उलट्या लागल्या तरी काही जळणार नाही. त्याच्यावर ०.२ व्होल्टच्या आसपास पडतात, मर्यादाही तेवढ्याच प्रमाणात किंचित खाली येतात. कामाला त्याने फरक पडत नाही. ग्राउंडची वायर जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. लांब वायरवर जलद कडा झणझणते आणि पिवळा दिवा नसलेल्या पल्स दाखवतो.

७४एचसी मालिकेमुळे हा प्रोब ६ व्होल्टपर्यंतच चालतो. ५ आणि ३.३ व्होल्टच्या सर्किटना तो पुरेसा आहे, ३.३ वर स्विच सीमॉसकडे ठेवा. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ४००० मालिकेच्या सर्किटला याच्या क्लिपा लावू नका. आणि ज्या सर्किटचा ग्राउंड थेट घरच्या विजेशी जोडलेला आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने विलग केलेला नाही, त्याच्या जवळपासही हा प्रोब नेऊ नका. तिथे प्रश्न प्रोबचा नाही, तुमच्या जिवाचा आहे.

पेटी म्हणून जाड मार्कर पेनची रिकामी नळी चालते. बोर्ड अरुंद कापला तर तिन्ही आयसी एकामागे एक बसतात. टोकाला शिवणाची जाड सुई झाळा, पण सुईवर डाग धरत नसेल तर आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. टोकाचे दोनतीन मिलिमीटर सोडून बाकी सुईवर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नाहीतर शेजारच्या दोन पिना सुईनेच जुळतात आणि तपासता तपासता नवा बिघाड जन्माला येतो.

तपासणी सोपी आहे. १० के चं पोटेन्शिओमीटर सप्लायला आडवं लावा, मधल्या पायावर प्रोबचं टोक आणि मल्टिमीटर दोन्ही ठेवा. शून्यापासून हळूहळू वर न्या. हिरवा कुठे विझतो आणि लाल कुठे लागतो ते दोन आकडे कागदावर लिहा आणि ती चिठ्ठी प्रोबवर चिकटवा. दोन आकड्यांच्या मध्ये दोन्ही दिवे पूर्ण विझलेले असायला हवेत. मग टोक हवेत धरा: अंधार. मग ५५५ चा क्लॉक.

वाचायची सवय व्हायला थोडे दिवस जातात. लाल ठळक आणि पिवळा लुकलुकतोय, म्हणजे पिन बहुतेक वेळ हाय आणि मधूनच क्षणभर खाली येते. हिरवा ठळक आणि पिवळा लुकलुकतोय, तर उलट. लाल-हिरवा दोन्ही सारखेच मंद, म्हणजे निम्मा-निम्मा क्लॉक. तुम्हाला दिसलं होतं ते हेच, आणि तो दोष नव्हता. लाल-हिरवा विझलेले पण पिवळा लुकलुकतोय, तर क्लॉक इतका जलद आहे की एलएम३९३ मागे पडला. टोक टेकवताना आणि उचलताना पिवळा एकदा चमकतो, ती चमक मोजू नका. आधी टोक टेकवा, मग बटण दाबून स्मृती पुसा, मग बघत बसा. क्रिस्टलच्या पिनांवर मात्र टोक लावू नका. तिथे १३० के आणि काही पिकोफॅरडही ऑसिलेटर थांबवायला पुरतात.

पूर्ण अंधाराचे अर्थ दोनतीनच. पिन कशालाच जोडलेली नाही, किंवा झाळ सुटली आहे. दोन आउटपुटं एकमेकांना जोडली गेली आहेत आणि एक वर, एक खाली ओढतं आहे. किंवा ओपन कलेक्टर आउटपुटला वर ओढणारा रेझिस्टरच लावलेला नाही. आय-टू-सीच्या (आयसी एकमेकांशी दोन तारांवरून बोलतात त्या पद्धतीच्या) दोन्ही तारांवर अंधार दिसला तर मी प्रोग्रॅमकडे बघतही नाही, आधी ते दोन रेझिस्टर शोधतो.

तुमच्यासारखाच एक ४०१७ माझ्याकडे दोन संध्याकाळी खाऊन गेला होता. काउंटर मधूनच शून्यावर यायचा, हात जवळ नेला की जास्तच. रीसेटच्या पिन १५ वर मल्टिमीटर लावला, आकडा शून्य. आणि मीटर लावलेला असेपर्यंत सर्किट बिनचूक चालायचं. काढला की पुन्हा उड्या. मी सप्लाय बदलला, ५५५ बदलला, आयसीही बदलला. मग प्रोब टेकवला आणि दोन्ही दिवे विझलेले. पिन १५ ग्राउंडला जोडणारा बोर्डावरचा पट्टा केसाएवढ्या चिरेने तुटला होता. मीटरचा आतला १० मेगओमचा रोधच त्या पिनेला खाली धरून ठेवत होता, म्हणून मीटर शून्य दाखवत होता आणि काउंटरही शहाण्यासारखा वागत होता.

प्रोब तयार झाला की तुमच्या बोर्डावर सर्वांत आधी पिन १५ आणि क्लॉक रोखणारी पिन १३ तपासा. पट्ट्यावर टोक टेकवू नका, थेट आयसीच्या पायावर टेकवा. दोन्हीकडे हिरवा ठळक दिसायला हवा. कुठेही अंधार असेल तर तो पाय एका छोट्या वायरने ग्राउंडला जोडा आणि काउंटर पुन्हा चालवून बघा. हिरवा असूनही उड्या येत असतील तर टोक पिन १५ वर धरून स्मृती पुसा आणि पुढच्या उडीची वाट बघा. चौथा दिवा लागला तर रीसेटवर कुठून तरी पल्स येते आहे. नाही लागला तर संशय पिन ८ आणि १६ च्या मधल्या सप्लायवर, आणि तिथे १०० नॅनोफॅरड लावला होता का, ते आधी पाहा.